मोजणारी कॉइल

बँडमध्ये तिला रजई म्हणायचे. वाजवायची लीड गिटार, पण आवाज असा की चार रजयांखालून कुणीतरी हाका मारतंय. ड्रमवाला ठोक्या तर तिचा सोलो संपला की मुद्दाम विचारायचा, "झाला का गं? सुरू कधी झाला होता?" बाकीचे खिदळायचे. तीही हसायची. न हसून करते काय?

त्या आठवड्यात मात्र त्याने हसता हसता सुरी फिरवली. "शनिवारी रेकॉर्डिंग. तोवर तुझा लीड काचेसारखा वाजला तर तू, नाहीतर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय. राग मानू नकोस."

राग मानू नकोस! ही माणसं गळा कापतात आणि वर म्हणतात, रक्त सांडू नकोस.

तिने करायचं ते सगळं केलं. ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत पिळलं, बेस मारून टाकला, पातळ पिक घेऊन तारांच्या बुडाशी, ब्रिजला चिकटून छेडलं. दुकानदाराने गळ्यात मारलेलं, आवाज बदलणारं पेडलही लावून पाहिलं. आवाज बारीक झाला, कानात सुईसारखा टोचला, चमकला काही नाही. चमक आणि कर्कशपणा यातला फरक पेडल विकणाऱ्याला कळत नाही, आणि कळला तर त्याचं दुकान चालणार नाही. खोट पिकअपमध्ये होती. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तो पिकअप बाबांनी भरलेला होता.

पिकअप म्हणजे काही जादू नव्हे. चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारीची तार थरथरली की ती थरथर पकडायची आणि अँपकडे, म्हणजे स्पीकरच्या पेटीकडे, धाडायची. वेढे जास्त तर आवाज जाड, कमी तर लख्ख. आता बाबांचं दुकान मोटर वाइंडिंगचं. पंपाच्या, पंख्यांच्या जळक्या कॉइली सोडायच्या आणि नव्या भरायच्या. ठासून भरणं हा त्यांचा धर्म. लेकीने गिटारीसाठी कॉइल मागितली, तर तीही त्यांनी ठासून भरली आणि वर मेणात बुडवली. हाताने चाक फिरवत, तोंडाने मोठ्याने मोजत. ते मोजत असताना हाक मारायची नाही असा घरातला कायदा होता, कारण हाक मारली की आकडा चुकायचा आणि बाबा पुन्हा एकपासून सुरू करायचे. आईसुद्धा चहा ठेवून मुकाट निघून जायची.

गिटारीची कॉइल भरली त्या दिवशी त्यांनी शेवटचा वेढा मोजला, तार कापली, "पाणी" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. असेल. डॉक्टरला काहीतरी म्हणावंच लागतं.

तेव्हापासून बाबा दुकानामागच्या खोलीत, खाटेवर. वाचा गेली, पण उजवा हात शाबूत होता. खाटेच्या दांडीवर टकटक करून चहा मागायचे, आई जवळ बसली की तिचं मनगट धरायचे.

बुधवारी दुपारी तिने पिकअप काढला, गरम पाण्यावर धरून मेण उतरवलं आणि बाबांच्याच मशीनवर वेढे सोडायला बसली. चाक उलटं फिरू लागलं तशी मागून टकटक आली. चहा हवा असेल, तिला वाटलं. पण टकटक चाकाच्या तालात होती. तिने चाक थांबवलं, टकटक थांबली. फिरवलं, सुरू.

"आई, बाबांना चहा दे गं!" ती ओरडली आणि फिरवतच राहिली.

पिकअप बसवून पहिला सूर छेडला. लख्ख! काच फुटावी आणि तिच्या प्रत्येक तुकड्याने गावं, तसा. ती एकटीच हसली. मग तळव्याने तारा दाबून गप्प केल्या. अँप गप्प होईना. बिनमेणाची कॉइल माइकसारखी ऐकते, हे तिला माहीत होतं. तिने कॉइलपाशी तोंड नेलं. "हॅलो." अँप म्हणाला, हॅलो. आणि त्यामागून, लांबून, "सहा हजार एकोणचाळीस... सहा हजार चाळीस..."

बाबा. वेढे सोडून तिने जिथे तार कापली होती त्या आकड्यावर आवाज तुटला आणि मागच्या आकड्यापासून पुन्हा सुरू झाला.

"अगं, यांचा हात हलत नाहीये," आई आतून म्हणाली.

कळलं का लेकीला? कळलं. लगेच कळलं. तरी ती गिटार पाठीला लावून प्रॅक्टिसला गेली, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापाशी टोन होता.

ठोक्याने काड्या खाली ठेवल्या. "आईशप्पथ, रजई! कुठून उचललास?" मग मान वाकडी केली. "मागे कोण मोजतंय?"

"रेडिओ पकडतं कधीकधी."

"बरं. अजून जरा कडक कर. थोडंच. मग शनिवार आपलाच."

थोडंच. गुरुवारी तिने अजून थोडेच वेढे सोडले. टोन असा झाला की खिडकीचं तावदान किणकिणलं. बाबांचा आकडा आता पाच हजारांतच तुटू लागला. संध्याकाळी आई हातातला चमचा तसाच धरून दुकानात आली.

"परकी बाई बघावी तसे बघतायत माझ्याकडे. काय केलंस तू?"

"मी काय केलं?"

"तू त्या मशीनवर बसलीस की यांचं काहीतरी जातं. मी अडाणी असेन, आंधळी नाही."

शुक्रवारभर तिने गिटारीला हात लावला नाही. शनिवारी सकाळी अँप लावला. तारा न छेडताही तो बारीक आवाज मोजत होता, थकलेला, इमानी. तिला राहवलं नाही. कॉइलवर ओठ टेकवून ती म्हणाली, "बाबा?"

आकडा थांबला. नुसती खरखर. मग अँप म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून, "एक."

आतून आई किंचाळली. ती धावत गेली. बाबांची छाती एकदा वर आली आणि तिथेच अडकल्यासारखी झाली. खाली यायला फार वेळ लागला. बाहेर अँप म्हणाला, "दोन."

सुटलेली तार आईने कधीच झाडून टाकली होती. लेकीने फळीवरचं नवं रीळ ओढलं, पिकअप उपटला, तुटल्या टोकाला नवं टोक डाख देऊन जोडलं आणि चाक फिरवायला लागली. सुलटं, बाबांचा आकडा तुटायचा तिथून पुढे. मोठ्याने मोजत. टोन जातोय, शनिवार जातोय, जाऊ दे मसणात. एकेका आकड्याबरोबर घसा सोलवटत गेला, आवाज बसत गेला, तरी ती मोजत राहिली. सहा हजार ओलांडले तेव्हा आतून टकटक आली, चाकाच्या तालात. ती रडत मोजू लागली. शेवटचे वेढे नुसत्या ओठांनीच मोजले. बाबा भरायचे तेवढी कॉइल ठासून भरली आणि तार कापली.

घशात निखारा. पाणी हवं होतं. तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"पाणी," मागच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं.

तिच्या आवाजात.

आई खाटेजवळ भिंतीला टेकून उभी होती. बाबा उशीवरून मान उचलून बायकोकडे बघत होते, ओळखीचं बघत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीतून लेकीचा कोवळा आवाज येत होता. "अगं, पाणी दे ना."

रस्त्यावर हॉर्न वाजला. "रजई! चल, गाडी उभी आहे!"

ती दुकानाच्या दारात आली. ठोक्या खिडकीतून मान काढून बघत होता. तिने तोंड उघडलं, मिटलं.

"ती येत नाही," मागून आवाज आला.

"अगं, 'ती' काय?" ठोक्या हसला. "तूच बोलतेयस ना!"

तिने हात उचलला आणि दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केली.