मुठीवरचा खळगा

“काका, मला ते नकोच आहे. सही कुठे करायची तेवढं सांगा,” दत्तप्रसाद म्हणाला. गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र, हातात मोबाइल आणि गाडी बाहेर नो-पार्किंगमध्ये.

नागोरावांनी कागद पुढे केलाच नाही. बुधवार पेठेजवळच्या त्या बंदुकांच्या दुकानात ते छत्तीस वर्षं मिस्त्री होते. गिऱ्हाइकाला घाई असली की त्यांचे हात आपोआप मंद होत. त्यांनी कपाटातून दत्तप्रसादच्या वडिलांचं, वैजनाथरावांचं जुनं रिव्हॉल्व्हर काढलं, उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि काउंटरवर ठेवलं. वैजनाथराव जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलाने आपल्या नावावर परवाना मागितला नाही, तर सोमवारी रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जाणार आणि पुढे वितळायला भट्टीत.

“अर्ज केलात तर अजून थांबवता येईल.”

“घरात दोन वर्षांची मुलगी आहे, काका. बायको मला त्याच्यासकट बाहेर काढेल. आणि बाबांना तरी यात काय दिसायचं? घ्यायचं तर नवीन घ्यावं. हे आपले कायम दुसऱ्याने वापरलेलं उचलून आणणार!”

हे मात्र नागोरावांना लागलं, कारण ती चूक त्यांचीही होती.

“मलाही तसंच वाटलं होतं. ब्याऐंशी साली त्यांनी हे आणलं, तेव्हा मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा होता. म्हटलं, झिजलंय. न विचारता शिसवीची नवी मूठ बसवली, वर पॉलिश. माझी हुशारी! एवढा शांत माणूस, पण इथे उभे राहून ओरडले. ‘अहो, त्या खळग्यासाठीच घेतलं होतं मी! कुणीतरी तीस वर्षं धरलंय ते. तिथे अंगठा ठेवला की हात स्थिर होतो.’ आणि जुनी मूठ मी बंबात घातलेली.”

“बंबात?”

“बंबात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग अठरा वर्षं ते दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचे. मोजक्या गोळ्या, पण तासभर हातात धरून. म्हणायचे, त्याचा खळगा गेला, आता माझा पडेल. पडला बघा.”

दत्तप्रसादने घड्याळाकडे पाहिलं, मग रिव्हॉल्व्हर उचललं. त्याचा अंगठा शिसवीवरून फिरला आणि एका जागी थांबला. मोबाइल वाजत राहिला. तो हळूच स्टुलावर बसला.

मोबाइल बंद करून म्हणाला, “लायसन्स नाही जमणार, काका. खरंच नाही जमणार.” त्याचे डोळे भरले होते.

नागोरावांचा सगळा बेत फसला होता, पण त्यांना त्याचा राग येईना. पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, मुठीचे दोन्ही लाकडी तुकडे सोडवले आणि आपल्या रुमालात बांधून त्याच्या हातात दिले.

“चालतं हे?”

“लाकडाचं कुणी विचारलं, तर मी बघून घेईन.”

दत्तप्रसादने सही केली. जाताना पुडकं त्याने शर्टच्या आत धरलं होतं.

मूठ नसलेलं ते लोखंड नागोरावांनी फडक्यावर घेतलं आणि नळीत तेलाचा बोळा घातला. मालक हिंदुराव गल्ल्यावरून बघत होते.

“अहो, भट्टीत जायचंय ते. तेल कशाला?”

“सोमवारी ना?” नागोराव म्हणाले. “आज शनिवार आहे.”

आणि त्यांनी दुसरा बोळा घेतला.