तीन तासांचं विमान, चार तासांची बॅटरी

बावीस वर्षं मी लोकांना विमानाची तिकिटं काढून देते. सुटायची वेळ इथल्या घड्याळाची, पोहोचायची तिथल्या, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आणि घरच्या तिकिटालाच मी माती खाल्ली.

आईला श्वासाचं दुखणं. नाकात नळी, खांद्याला ऑक्सिजनचं छोटं मशीन. परदेशातून मावसभावाचा फोन आला की डॉक्टरांनी मावशीचे चार-पाचच दिवस सांगितलेत. दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटल्या नव्हत्या. "मी जाणार," आई म्हणाली. विषय संपला.

दादा भूगोलाचा मास्तर. त्याने नकाशावर दोरा ताणून दोन विमानतळांमधले सतराशे किलोमीटर काढले, विमानाच्या वेगाने भागले आणि म्हणाला, "दोन तास." तिकिटावर दहा दहाला सुटून बारा दहाला पोहोचायचं होतं. दोघांचं जुळलं म्हटल्यावर मी पुढे बघितलंच नाही. विमान कंपनीला प्रवासाच्या दीडपट चालणारी बॅटरी हवी होती, म्हणजे तीन तास. आमची चार तास चालायची. आईच्या डॉक्टरांनी कंपनीच्या फॉर्मवर सही केली.

आदल्या दिवशी सकाळी मी मावसभावाला वेळ कळवली. तो म्हणाला, "ताई, आमची घड्याळं तासभर मागे असतात, विसरलीस का?"

मी तिकीट पुन्हा काढून बघितलं. म्हणजे प्रवास तीन तासांचा. दादाचा दोरा सरळ गेला होता; विमान डोंगरांना वळसा घालतं, धावपट्टीवर रांगेत उभं राहतं. तिनाची दीडपट साडेचार. अर्धा तास कमी पडत होता, आणि दुकानदार दुसरी बॅटरी आठ दिवसांनी देणार होता.

"अर्धा तास मी श्वास रोखून धरते," आई म्हणाली.

"थट्टा सुचतेय तुला," मी खेकसले. राग खरं तर स्वतःचाच आला होता.

ऑफिसात जाऊन मी सगळी वेळापत्रकं उपसली. उत्तरेच्या एका शहरातून जायचं ठरवलं. पहिलं विमान सव्वा तासाचं, दुसरं सव्वादोन तासांचं, मध्ये अडीच तास विमानतळावर बसून मशीन चार्ज करायचं.

"अगं, चारशे किलोमीटर जास्त होतात," दादा म्हणाला. "हा कसला द्राविडी प्राणायाम?"

"होऊ देत. तू बॅग भर."

डॉक्टरांच्या दारात तासभर बसून मी नव्या फॉर्मवर सही घेतली. या वेळी प्रत्येक वेळ दोनदा तपासली.

मधल्या विमानतळावर प्लगशेजारच्या खुर्चीत एक माणूस पाय पसरून झोपला होता. मी त्याला हलवून उठवलं आणि आईला बसवलं. आई मशीनवरचे आकडे बघत राहिली. पूर्ण चार्ज झाल्यावर तिने स्वतःच वायर काढली आणि उठली.

संध्याकाळी आम्ही मावशीच्या खोलीत पोहोचलो. कालपासून तिची वाचा गेली होती. तिने आईकडे बघितलं, बघतच राहिली. मग दोन्ही कोपरांवर जोर देत, धापा टाकत ती इंचाइंचाने भिंतीकडे सरकली आणि पलंगावर एका माणसापुरती जागा केली.

आई चपला काढून मशीनसकट तिच्याशेजारी आडवी झाली. मला रडू आवरेना.