सगळ्या गावाची एकच खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला चार पाय आहेत, पण आजवर फिरले ती लोकांच्या डोक्यावरून. मलावीतल्या आमच्या गावात मी एकटीच खुर्ची. बोलायचं तर कोणाशी?

गाव चटईवर बसतं, मांडीला मांडी लावून मक्याच्या पिठाची न्सिमा खातं, हसतं. पाहुण्याला मात्र खाली बसवायचं नाही. त्याच्यासाठी माझ्या मालकिणीकडून, नाबेटाकडून, मला मागून नेतात. त्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी अवघडलेलीच माणसं आली.

एकदा गरिबी मोजायला काचाले साहेब आले. छप्पर कसलं, कंदील आहे का, खुर्ची आहे का, असे त्यांचे प्रश्न. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना दरमहा सरकारी मदत मिळणार होती. पण बुडाखाली खुर्ची असताना ‘खुर्ची आहे का’ असं कोण विचारणार? साहेब खूण करून मोकळे. ते एका घरातून उठले, की मी मागल्या दारानं पुढच्या घरी.

“तुमच्याकडच्या खुर्च्या अगदी सारख्या हो!” साहेब म्हणाले.

“सुतार एकच ना, साहेब,” गावप्रमुख म्हणाले.

अशा रीतीने गावाची प्रगती झाली. ती प्रगती म्हणजे मी.

नाचिसाले आजींची मदत हुकली. त्यांच्याकडे एक गळकं छप्पर आणि एक नात, एवढंच.

“खुर्ची माझी, आणि श्रीमंत तुम्ही झालात!” नाबेटा त्यांच्यावर चिडली.

मग मला कोणी मागेना. मी खुराड्याशी पडून राहिले. कोंबड्यासुद्धा माझ्याखाली बसत, वर नाही.

पुढच्या मोजणीला नाबेटानं मला लपवलं. तर आजी स्वतःच तिच्या दारात.

“दे गं ती.”

“आजी, नात काय खुर्ची खाणार?”

“पाहुणा उभा आहे माझ्या दारात. दे.”

साहेब बसले. मला करण्यासारखं एकच होतं. मी पाय मोडून घेतला. साहेब थेट चटईवर आले. नात फिस्सकन हसली, मग साहेबही हसले, आणि तिथंच मांडी घालून त्यांनी लिहिलं : खुर्ची नाही.

आजींना मदत मिळाली. छप्पर शाकारलं गेलं, नात शाळेत जाऊ लागली. नाबेटानं मला त्यांनाच देऊन टाकलं. आजींनी लगेच सुताराकडून माझा पाय बसवून घेतला.

“साहेब परत येतील,” त्या म्हणाल्या. “बसायला काहीतरी नको का?”

आता मी त्यांच्या दाराशी रिकामी उभी असते. आत चटईवर हसणं चाललेलं ऐकू येतं. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कोणाकडे गरिबी मोजायला गेलात, तर कृपा करून खाली बसा.