न सुटलेला फेटा

“किती वेळ टिकला पाहिजे, तेवढं सांगा,” सटवाजी म्हणाला. फेट्याचं बोलणं निघालं की तो हेच आधी विचारायचा. वरातीचा फेटा वेगळा, मंडपातला वेगळा.

भगवानराव सोफ्यावर रेलले होते. एसी इतका गार होता की सटवाजीनं खांद्यावरचा पंचा छातीवर ओढून घेतला होता.

“टिकायलाच नको,” ते म्हणाले. “योगीराजच्या पोरीच्या लग्नात मंत्री स्टेजवर आले, तो पाया पडायला वाकला, की तिथंच सुटला पाहिजे. समद्या जिल्ह्यासमोर.”

मालक मस्करी करताहेत असं सटवाजीला वाटलं. मग त्यानं त्यांचे डोळे पाहिले आणि पंचा आणखी घट्ट धरला.

सेलूपासून गंगाखेडपर्यंत ज्यांच्या दारात दोनापेक्षा जास्त गाड्या उभ्या राहतात, ती सगळी डोकी चाळीस वर्षांत सटवाजीच्या हाताखालून गेली होती. एक नवरदेव घोड्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. दवाखान्यात एक्सरे निघाला, प्लास्टर झालं, भटजींनी अक्षताही तिथंच टाकल्या. फेटा मात्र होता तसाच. पूर्णेच्या एका वरबापानं आगगाडीच्या दारात उभं राहून नांदेड गाठलं. वाऱ्यानं मिशी विस्कटली, पण तुरा हलला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं जेवण बंद केलं, तेव्हा कुठं त्यानं तो उतरवला. हे सगळं खरं होतं असं सटवाजी स्वतः कधी म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

आता भगवानरावांचं दुखणं. त्यांची सेलूला जिनिंग आणि चार शाळांची संस्था, योगीराजची गंगाखेडला गोदामं आणि पेट्रोल पंप. वीस वर्षं दोघं एका ताटात जेवले. भगवानरावांच्या माधवीचा साखरपुडा योगीराजच्या मुलाशी झाला, पत्रिका छापायला गेल्या. तेवढ्यात संभाजीनगरच्या एका बड्या बिल्डरची मुलगी सांगून आली. योगीराजनं तोंडही दाखवलं नाही. साखरपुड्यात आपल्या बायकोला मिळालेली मानाची साडी ड्रायव्हरच्या हाती परत पाठवली, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून. या गोष्टीला तीन वर्षं होत आली, पण ती गाडी अजून भगवानरावांच्या छातीवर उभी होती.

“तुमची सून आपल्याच शाळेत हाय न्हवं?” भगवानरावांनी आवाज मऊ केला. “मनिषा. किती वर्षं झाली?”

“नऊ, मालक.”

“दर जूनला अकरा महिन्यांची ऑर्डर. लय वाईट असतंय ते. यंदा कायमच करून टाकू. तुमी आमचं काम करा, आमी तुमचं.”

न केलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सटवाजीनंही विचारलं नाही. त्याचा मुलगा परमेश्वर पुण्याला गेला तो तिकडचाच झाला होता, सणासुदीला फोन यायचा. घर मनिषाच्या पगारावर चालायचं. फेट्याचं उत्पन्न लग्नसराईपुरतं, आणि गुडघे तर बाराही महिने दुखायचे.

घरी येऊन त्यानं मनिषाला काही सांगितलं नाही. ती वह्या तपासत बसली होती.

लग्न परभणीला होतं, एका लॉनवर. दारात खऱ्या हत्तीएवढा फुलांचा हत्ती होता, आणि खरा हत्तीच आणणार होते पण परवानगी मिळाली नाही, असं प्रत्येक पाहुण्याच्या कानात कुणीतरी सांगत होतं. भगवानरावांनाही पत्रिका होती. न बोलवावं तर लोक विचारतील म्हणून योगीराजनं बोलावलं होतं, आणि न जावं तर हरलो असं दिसेल म्हणून भगवानराव बायको-मुलीला घेऊन आले होते. पहिल्याच रांगेत बसले.

आतल्या खोलीत सटवाजी योगीराजच्या मागं उभा राहिला. फेट्याचा सगळा भार पहिल्या वेढ्यावर असतो. तो कपाळावर सैल सोडला की वरचे सगळे वेढे नुसते पाहुणे. माणूस वाकला की उठून चालू लागतात. सटवाजीनं पहिला वेढा सैल सोडला. आयुष्यात पहिल्यांदा. मनिषाचं नाव मनात घेतलं आणि दुसरा वेढा घातला.

योगीराज दोन फोनवर बोलत होता. एका फोनवर आचाऱ्याला झापत होता, दुसऱ्यावर मंत्र्याच्या पीएला साहेब साहेब करत होता. दोन्ही फोन ठेवले आणि म्हणाला, “सटवाजी, तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई.”

एवढं बोलून तो झोपला. बसल्या बसल्या. मान मागं कलली आणि पेट्रोल पंपाच्या, गोदामांच्या मालकाचं डोकं अख्ख्या वजनासकट सटवाजीच्या डाव्या तळव्यात आलं. कलप घामानं ओघळून कानामागं आला होता. तोंड किंचित उघडं होतं. दगाबाज माणूस झोपला की कसा दिसतो याचा सटवाजीनं कधी विचार केला नव्हता. तो कुणाही दमलेल्या माणसासारखा दिसत होता.

सटवाजी तसाच थांबला. पुढं काय करायचं ते त्यानं ठरवलं म्हणावं तर तसंही नाही. उजवा हात आपणहून मागं गेला, दोन्ही वेढे उकलले आणि पहिला वेढा नेहमीसारखा ओढून बसवला. घट्ट. झोपलेल्या माणसाला कळलंही नाही.

त्यानंतर दोन तास भगवानराव फक्त एका फेट्याकडं पाहत होते. मंगलाष्टकं झाली, ती त्यांनी ऐकली नाहीत. योगीराज बँडपुढं नाचला. फेटा हलला नाही. मेव्हण्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, तोल गेला, तिघंही हिरवळीवर पडले, फेटा तसाच. शेवटी मंत्री आले. योगीराज कमरेत वाकला, कपाळ त्यांच्या बुटाला टेकलं. भगवानराव खुर्चीतून अर्धे उठले होते. तसेच पुन्हा बसले.

मग माईकवर सत्काराची नावं सुरू झाली आणि भगवानरावांचंही नाव आलं. स्टेजवर फेटा बांधायला अर्थातच सटवाजी. चेहऱ्यात वीतभर अंतर, समोर कॅमेरा. भगवानराव ओठ न हलवता म्हणाले, “हात थरथरला का रे?” आजवर ते त्याला तुमी म्हणायचे.

“न्हाई, मालक,” सटवाजी म्हणाला. “थरथरला असता तर तुमचं काम झालं असतं.”

त्यांचाही फेटा त्यानं तसाच बांधला. सैल कसा बांधतात ते त्या दिवशी त्याला जमतच नव्हतं.

मंत्र्यांनी जेवताना दोघांना आपल्या दोन बाजूंना बसवून घेतलं. निवडणुका जवळ आल्या होत्या, दोघंही लागणार होते. बासुंदीची वाटी येईपर्यंत दोघं एकमेकांना आग्रह करू लागले. माधवीच्या लग्नाचं आता माझ्याकडं लागलं, मेव्हण्याचा मुलगा अमेरिकेत आहे, असं योगीराज म्हणाला आणि भगवानरावांनी मान हलवली. माधवी समोरच रिकामी डिश धरून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

जुनी दोस्ती परत जमली की माणसाला काहीतरी कबूल करावंसं वाटतं. भगवानरावांनी हसत हसत फेट्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. टेबल हसून हसून लोळलं. योगीराजनं सटवाजीला बोलावून घेतलं, सगळ्यांदेखत आपली मुंडी फेट्यासकट गदागदा हलवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“पण काहीबी म्हणा,” डोळे पुसत योगीराज म्हणाला, “ज्याला असलं काम सांगता येतंय, त्याच्या हाती डोकं कसं द्यावं माणसानं?”

“आन् सांगितलेलं ऐकत न्हाई, त्याच्या हाती तरी कसं द्यावं?” भगवानराव म्हणाले.

यावर सगळे आणखी हसले. सटवाजी तिथं उभाच होता. कुणीतरी त्याच्या हातात बासुंदीची वाटी दिली.

ही गोष्ट लग्नालग्नांतून फिरली. प्रत्येक ठिकाणी तिला नवा तुरा फुटला. जिंतूरला पोहोचेपर्यंत फेट्यात विंचू होता. मोठ्या घरांनी टोपीसारखे शिवलेले तयार फेटे आणले. ते डोक्यावर ठेवले की झालं. मे महिना तसाच गेला, जून आला. मनिषाची ऑर्डर आली नाही. कायमची नाही, अकरा महिन्यांचीही नाही.

शाळा उघडली त्या सकाळी सटवाजी दारापुढच्या गल्लीत कापड ताणून उभा होता. पूर्णेच्या एका रेल्वे गँगमनच्या मुलीचं लग्न होतं, तेवढं एक बोलावणं आलं होतं. फेट्याच्या कापडाला आधी चुण्या घालाव्या लागतात, आणि ते एकट्याचं काम नव्हे. दुसरं टोक मनिषानं धरलं होतं. मधे नऊ मीटर केशरी कापड.

तिथूनच त्यानं तिला सगळं सांगितलं. एसीपासून झोपलेल्या डोक्यापर्यंत. ती बोटांनी चुण्या घालत राहिली.

“तुला इचारायला पायजे व्हतं,” तो म्हणाला. “इचारलं असतं, तर काय म्हणली असतीस?”

मनिषानं हातातली चुणी पुरी केली.

“सैल बांधा म्हणले असते, मामा.”

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

गल्लीच्या तोंडाशी चार-पाच मुली आल्या, नव्या गणवेशात, अंगाला अजून कापडाच्या दुकानाचा वास असलेल्या. कापड आडवं होतं म्हणून वाकून खालून गेल्या. त्यातली एक पलीकडं जाऊन वळली.

“बाई, तुमी येत न्हाई का? घंटा व्हायली ना.”

मनिषाचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते मुलीला कळलं नाही. मुली पळत गेल्या. लांबून घंटा ऐकू आली.

कापड मधे किंचित झोल खायला लागलं होतं. सटवाजीच्या हातातलं टोक ढिलं पडलं होतं.

“ताण धरा, मामा,” मनिषा म्हणाली, आणि तिनं आपलं टोक ओढून घेतलं.