वर धरलेला पाय

मेहुणीने मला ओढूनच आणलं. म्हणाली, "ताईला हत्ती बघायचे होते, राहून गेलं. तिच्या वाटचे तुम्ही बघा." बायकोचं नाव पुढे केलं की मला नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

लाकडाचे ओंडके ओढून थकलेले हत्ती सोडवून आणायचे आणि मरेपर्यंत सांभाळायचे, अशी ती जागा. आमच्यासारख्या पाहुण्यांनी सकाळी चारा टाकायचा, दुपारी नदीवर त्यांच्या पाठी घासायच्या. बायकोच्या आजारपणाच्या वर्षांत मी घरापासून औषधाच्या दुकानापलीकडे गेलो नव्हतो. इथे एवढं मोकळं रान, पण माझा जीव आत कोंडल्यासारखाच. पहाटे जाग आली तेव्हा मी उशी दुसऱ्या कुशीवर वळवत होतो.

बायको अंथरुणाला खिळली होती. एकाच अंगावर फार वेळ पडली की कातडी सोलवटायची, म्हणून कूस मी बदलायचो. वळवून झालं की पाठीवर थाप मारून "झालं, झालं" म्हणायचो. मग ती डोळे मिटायची. ती जाऊन बरेच महिने झाले, तरी हात आपले चालूच.

चहा घेत होतो तेव्हा मुलाचा फोन आला.

"बाबा, त्या पलंगाचं काय करू? कोपऱ्यावरच्या शिंप्याचे वडील अंथरुणाला खिळलेत. बिचाऱ्यांना सतरंजीवर झोपवलंय. संध्याकाळी टेम्पो सांगू ना?"

पलंग तिचा. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर व्हायची.

"संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो.

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. आता ते ताटकळलेत हो."

मेहुणी ऐकत होती. बिस्किट चहात बुडवून ठेवलं, ते तुटून पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

दिवसभर आम्ही एका म्हाताऱ्या हत्तिणीपाशी होतो. तिचा माहूत तोंडाळ. तिला आजीबाई म्हणायचा आणि मेहुणीला सांगायचा, "मावशी, जपून. आजीबाईंना दुसऱ्या बाईने चांगली साडी नेसलेली खपत नाही." मेहुणी म्हणाली, "माझ्या सासूबाईंची बहीण दिसतेय." मला हसू आलं. मग आपण हसलो म्हणून कसंतरीच झालं.

उन्हं उतरली तशी हत्तीण चरायचं सोडून एका जागी जाऊन उभी राहिली आणि पुढचा पाय वर उचलला. तिथे खुंटा नाही, साखळी नाही. नुसतीच उभी. बाकीचे तीन पाय थरथरायला लागले.

"हे काय?" मी विचारलं.

"लाकडाच्या कामावर होती तेव्हा संध्याकाळी साखळी घालायला हिला पाय वर धरायला लावायचे," माहूत म्हणाला. "घालून झाली की पायावर थाप मारायचे, तेव्हा हिने पाय खाली ठेवायचा आणि मगच खायचं. इथे आल्यावर मीही नुसती थाप मारायचो. पण डॉक्टरबाई म्हणतात, ते बंद करा, तिचं तिला सुटू द्या. काल बराच वेळ उभी राहिली, पण ठेवला शेवटी आपणहून. तुम्ही लांबच बसा, काका."

एवढं सांगून तो पाण्याचा नळ बंद करायला गेला.

मी बघत बसलो. पाय वरच. तिची नजर कोणाची तरी वाट बघत होती. त्यानंतर मी कुंपणाच्या दोराखालून आत कधी गेलो ते मला कळलं नाही. तिच्या पायावर थाप मारली आणि म्हणालो, "झालं, झालं."

तिने पाय खाली ठेवला. सोंडेने चारा उचलला.

"अहो काका!" माहूत धावत आला. "चिरडलं असतं म्हणजे? आणि इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातलीत! उद्या परत पहिल्यापासून."

"थकली होती ती."

"मला दिसत नाही का?"

"मग संध्याकाळी तिने करायचं तरी काय?"

"काही नाही करायचं. तेच तर जमत नाही तिला."

मेहुणी माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. बाकावर बसल्यावर मी मुलाला फोन लावला.

"पलंग देऊन टाक," म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. पण ऐक, दांडा अडकतो. जरा वर उचलून फिरवायचा. आणि कूस बदलताना खांद्याला धरून ओढायचं नाही, कमरेखाली हात घालायचा. शिंप्याला नाही कळायचं. मीच उद्या येतो, दाखवतो त्यांना. संध्याकाळचा जात जाईन तिकडे..."

मेहुणीने फोन माझ्या हातातून घेतला. "दांड्याचं तेवढं सांग त्यांना. भाऊजी कुठेही येत नाहीत," म्हणाली आणि बंद केला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "ताई असती तर दोन धपाटे घातले असते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माहुताने मला दोराबाहेर बाकावर बसवलं.

"ही तुमची शिक्षा. ती पाय ठेवेपर्यंत उठायचं नाही. 'झालं' म्हणायचं नाही."

हत्तीण आली. पाय उचलला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं असावं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. मेहुणी शेजारी होती. घरी एव्हाना पलंग जाऊन बायकोची खोली रिकामी झाली असेल. तीन पाय थरथरत होते, मांडीखाली माझे हात थरथरत होते.

उजेड कमी होत गेला. पाय अजून वरच होता. मी हात काढले नाहीत.