कूलरमधला उपाशी ससा

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची माझी काही मैत्री नाही. उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासमोर बटणं सोडून बसता आणि पावसाळ्यात माझ्या डोक्यावर ओले टॉवेल वाळत घालता. याला मैत्री म्हणत नाहीत.

माझा जन्म नगरच्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. सविताच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी मला आंदण दिलं आणि जीपच्या टपावर बसून मी पाथर्डी तालुक्यातल्या या गावात आलो. शेजारी कपाट होतं. ते रस्ताभर स्वतःच्या आरशाचं कौतुक सांगत होतं. पुढे तो आरसा वरातीत फुटला, पण ते असो.

पहिला उन्हाळा माझा होता. अख्खी आळी माझ्या वाऱ्यात बसायला यायची. सविताची सासू लंकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या सुनंनं बर्फाचा वारा आनला.” वारा बर्फाचा नव्हता, बोअरच्या पाण्याचा होता. पण आपलं कौतुक चालू असताना दुरुस्त्या सुचवायच्या नसतात.

मग एका मे महिन्यात वीज गेली, आली, गेली, आणि शेवटी आली ती सगळी एकदमच आली. माझी मोटर जळाली. त्यांनी माझी मोटर काढली, पंखा काढला, पोटातलं गवत काढलं. माणसाचं एवढं काढलं तर त्याला मयत म्हणतात. मला ‘रिकामा’ म्हणाले आणि माझ्यात कांदे भरले. कांदे सडले. मग कोंबडी बसवली. कोंबडीबद्दल मी काही बोलणार नाही.

आणि यंदा पितृपक्षात माझ्यात ससा आला.

झालं असं की सविताचा नवरा अंगद सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. महिन्या-पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याने आपल्या मुलीला, म्हणजे चौथीतल्या सुकन्याला, सायकल कबूल केली होती. आणला ससा. हायवेला एक जण पिंजऱ्यात घेऊन बसला होता, त्याच्याकडून. अंगदने डब्याच्या पिशवीत हात घातला आणि सशाला दोन्ही कानांना धरून वर काढलं, सायकल हँडलला धरून टेम्पोतून उतरवावी तसं. सशाला असं धरायचं नसतं. एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली. एवढी साधी गोष्ट ज्या माणसाला कळत नाही, त्याला कारखान्यात मशीनवर उभं करतात.

पिल्लू मुठीएवढं होतं. आईपासून इतक्या लवकर तोडलेलं की त्याला अजून स्वतःचे कान सांभाळता येत नव्हते. एक उभा राही, तर दुसरा पडे.

“पैलवान आला बघा आमचा,” लंकाबाई म्हणाली. तेच नाव पडलं.

“खातो काय ह्यो?” सविताने विचारलं.

“इकनारा म्हन्ला, काय बी खातंय,” अंगद म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सुप्याला निघून गेला.

‘काय बी खातंय’ हे वाक्य जगात फक्त माणसाला लागू पडतं. सशाला नाही. पण घरात ते वाक्य आलं आणि राहिलं. सविताने म्हशीच्या दुधात बिस्किट कुस्करून दिलं. लंकाबाईने कालची भाकरी दिली. शेजारच्या बाईने भजी आणून दाखवली. एकटी सुकन्या शाळेतून येताना बांधावरची हरळी उपटून आणायची आणि माझ्या जाळीतून आत सरकवायची. तेवढ्यावर पैलवान जगत होता. बाकीच्यांना वाटत होतं, बिस्किटावर जगतोय.

मग घट बसायचे दिवस आले. आमच्याकडे नवरात्राच्या आधी घरातलं सगळं धुतात. गोधड्या, डबे, दारं, कंदील. कंदील कुणी लावत नाही, पण धुतात. मलाही धुतलं. शेवटी सविता कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली आणि न धुतलेलं काही उरलंय का ते बघू लागली. तिची नजर पैलवानावर गेली.

शॅम्पूची एक पुडी त्याला पुरून उरली. भिजल्यावर कळलं की तो मुळात नव्हताच, नुसते केस होते. थरथरत एका कुशीवर पडला. सुकन्याने त्याला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरलं आणि तो कोरडा होईपर्यंत आईशी बोलली नाही. मित्रांनो, सशाला अंघोळ घालत नाहीत. तो स्वतःला चाटून साफ ठेवतो. तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

पहिली माळ चढली. मी ओसरीवर असतो, दारातून समोरच देव्हारा दिसतो. पत्रावळीवर काळी माती, मातीत धान पेरलेलं, मध्ये घट. त्या धानाला रोज पाणी शिंपडायचं काम सुकन्याकडे. धान जेवढं उंच येईल तेवढी ज्वारी जोमात, असं लंकाबाईचं गणित आहे. दसऱ्याला तेच धान टोपीत खोवून पुरुष गावभर हिंडतात. त्यामुळे त्या मातीवर कुणाची सावलीही पडू देत नाही ती.

घरात नऊ दिवस उपास. त्या सकाळी सुकन्या हरळी घेऊन आली तर लंकाबाईने तिला ओसरीवरच अडवलं.

“आता घट उठंपर्यंत ह्येला बी उपास.”

“आजी, तो ससा हाय.”

“घरात ऱ्हातो का न्हाई? घरात ऱ्हानाऱ्याला घराचा नेम.”

“मग गाय का खाती?”

“गाय गोठ्यात ऱ्हाती.”

सुकन्याने हातातली हरळी पुढे केली. “ही उपासाला चालती की.”

“हरळी गनपतीची. नवरात्र देवीचं,” लंकाबाई म्हणाली आणि आत गेली.

मी पत्र्याचा आहे, मला मेंदू नाही. तरी मला त्या क्षणी स्वतःबद्दल आदर वाटला.

तेव्हापासून पैलवानाला साबुदाण्याची खिचडी. भगर. उकडलेला बटाटा. शेंगदाण्याचा लाडू, त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. आणि माझ्यापासून दहा पावलांवर गोठ्यात गाय लसूणघासाची हिरवीगार पेंढी खात उभी. पिल्लू सशाला हवं असतं नेमकं तेच, ते गायीच्या तोंडात. आणि कुणालाच नको असलेला साबुदाणा सशाच्या पुढ्यात. सुकन्या लपवून हरळी आणायची, पण लंकाबाई माझ्या शेजारीच खाट टाकून बसलेली. तिसऱ्या माळेला पैलवानाने स्वतःचीच मऊ लेंडी खाल्ली. लंकाबाईने ते पाहिलं.

“मोडला उपास,” ती म्हणाली, आणि त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. काही माझ्यावरही पडलं.

पाचव्या माळेला पैलवान कोपऱ्यात फुगून बसला. पोट टरटरीत. खाईना, हलेना. माझ्या तळाच्या पत्र्यावर एरवी दिवसभर लेंड्यांचा टपटप आवाज चालायचा, त्याचा मला वैताग होता. तो आवाज बंद झाला. सुकन्या शाळेत गेली नाही. जाळीला नाक लावून बसली. सविताने पहिल्यांदा तिला ओरडायचं टाळलं.

सहाव्या माळेला गुरांचे कल्याण डॉक्टर गायीला इंजेक्शन द्यायला आले. सुकन्याने त्यांची मोटरसायकल उभी राहायच्या आधीच त्यांचा शर्ट धरला. डॉक्टरांनी माझ्यात वाकून पाहिलं, पोट चाचपलं.

“काय खायला देता याला?”

“उपासाचं,” सविता म्हणाली.

“कुणाचा उपास?”

“त्याचा.”

डॉक्टरांनी गायीकडे पाहिलं. मग खाटेवर बसले.

“याचं आतडं थांबलंय,” ते म्हणाले. “सशाचं आतडं गवतावर चालतं, आणि कायम चालतं ठेवावं लागतं. पीठ, साखर, दूध, बिस्किट, सगळं बंद. गवत, लसूणघास आणि पाणी. पोट हलक्या हातानं चोळा.”

“सोताची घान खातो डॉक्टर त्यो,” लंकाबाईने तक्रार केली.

“खाऊ द्या. त्याला लागतं ते.”

“उपासाला?”

डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले आणि सुकन्याला बाजूला घेऊन सांगितलं, “बाळा, त्यानं तोंड हलवलं पाहिजे. खाल्लं आणि लेंडी पडली तर वाचला. नाहीतर अवघड आहे.”

मग सगळं घर सशाच्या लेंडीची वाट बघू लागलं. सुप्याहून अंगद जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा, “पडली का?” सविता म्हणायची, “न्हाई अजून.” वर्कशॉपमध्ये माझ्यावर शेवटचा रंग मारत होते तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी तिथेच गंजलो असतो.

सुकन्याने गोठ्यातली पेंढी सोडून कोवळा कोवळा घास निवडला. पैलवानाने तोंड फिरवलं. हरळी आणली. फिरवलं. वाळलेलं गवत नाकापाशी धरलं. डोळे मिटले. सातवी माळ तशीच गेली.

आठव्या माळेला लंकाबाई देवीच्या ओट्यावर गेली होती. सुकन्याने पैलवानाला बाहेर काढलं, बरोबर धरून, एक हात छातीखाली, एक पायांखाली, आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. “देवी, ह्याला वाचीव,” म्हणाली. “सायकल नको मला.” मग पाया पडायला तिने त्याला खाली ठेवलं.

धान यंदा बोटभर नव्हे, चांगलं वीतभर आलं होतं. पिवळट हिरवं, लुसलुशीत, नुकतंच पाणी शिंपडलेलं. पैलवानाचं नाक हललं. पडका कान उभा राहिला. त्याने मान लांब केली आणि देवीच्या घटाचं एक पातं तोंडात ओढून घेतलं.

सुकन्या डोकं वर करते तर हा चघळतोय.

मी सगळं बघत होतो. तिचा हात पुढे गेला होता. त्या धानावर आजीची ज्वारी होती, बापाची दसऱ्याची टोपी होती आणि तिने स्वतः रोज घातलेलं पाणी होतं. हात तिथेच थांबला. मग तिने तो मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला, म्हणजे चुकून जायला नको.

पैलवानाने घटाच्या एका बाजूचं धान साफ केलं. इतक्यात दारात लंकाबाई उभी. हातात आरतीचं ताट.

“खातोय गं आजी,” सुकन्या म्हणाली. तेवढंच म्हणाली.

लंकाबाईने ताट खाली ठेवलं. घटाकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, नातीच्या मांडीखालच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं आता ससा, नात आणि मी, तिघंही उकिरड्यावर. ती पुढे आली, खाली बसली, आणि घट जरासा फिरवला. न खाल्लेली बाजू पैलवानाकडे केली.

दिवस कलायच्या सुमारास तो माझ्यात कोपऱ्यात बसला होता. सगळे ओसरीवर जमले होते. तेव्हा माझ्या तळाच्या पत्र्यावर आवाज झाला. टप.

सुकन्या रडायला लागली. सविताने सुप्याला फोन लावला आणि नुसतं “पडली” म्हणाली. तिकडे कारखान्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्याचा आवाज मी ऐकला.

“म्या म्हन्लंच हुतं, देवी बघंल,” लंकाबाई म्हणाली.

“कवा म्हन्लात, आत्या?” सविताने विचारलं.

“मनात.”

दसऱ्याला अंगद आला आणि उरलेले खुंट टोपीत खोवून गावभर हिंडला. लोकांनी विचारलं, त्याने सांगितलं. आणि मित्रांनो, इथे तुमची जात खरी कळली. दोन दिवसांत गावात झालं की आमच्या सशाला देवी पावली. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसायच्या आधी ओसरीवर येऊन माझ्यासमोर हात जोडू लागल्या. हात जोडायला माझी हरकत नाही. पण हातात प्रसाद होता. पेढे. केळी. गुळाचा शिरा. आणि एका भक्ताने, खास देवीच्या सशाला म्हणून, साबुदाण्याची खिचडी. ज्याने तो मरत होता, तेच आता डब्यातून येऊ लागलं. लंकाबाई खुशीत प्रत्येकाचा घास जाळीतून आत सारायला निघाली.

सुकन्या माझ्यासमोर आडवी उभी राहिली.

“आजी, त्याला उपास हाय.”

“घट उठले की गं.”

“त्याचा उठला न्हाई. देवीनं त्याला सोताच्या हातानं गवत खायला घातलं का न्हाई? तू बघितलंस का न्हाई? जन्मभराचा नेम हाय त्याला. नुसता घास आन् गवत.”

लंकाबाईचा चमचा हवेत थांबला. “आन् मोडला तर?”

“मोडनाऱ्याच्या घरावर येतंय.”

चमचा खाली आला. डॉक्टरचं शिक्षण, औषध, आतडं, यातलं काही त्या बाईच्या डोक्यात शिरलं नव्हतं. नेम मात्र लगेच शिरला. त्या दिवसापासून ती काठी घेऊन माझ्या शेजारी बसते. पोरांनी जाळीपाशी बिस्किट दाखवलं तरी आपटते. येणारे आता लसूणघासाच्या जुड्या आणतात. उरलेला घास गाय खाते, तिला देवी न पावता मिळतो.

तर मित्रांनो, लहान जीव घरी आणायचा असेल तर आधी तो काय खातो ते विचारा, आणि ज्याने तो विकला त्याला सोडून दुसऱ्या कुणालाही विचारा. तुमचे उपास तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही ऐकणार नाही, मला माहीत आहे. माझ्यातून बर्फाचा वारा येतो, हेही तुम्ही खरं मानलं होतं.

दिवाळीत अंगद नवी मोटर घेऊन आला. म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत कूलर चालू करू, सशाला खोकं बघू. इतकी वर्षं मी त्याच मोटरची वाट बघत होतो. सुकन्या म्हणाली, “न्हाई द्यायची आमी जागा.” आणि मोटर पुन्हा पिशवीत गेली.

मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला काहीही वाटतं. मोटरचा आवाज फार असतो. मोटर चालू असली की पत्र्यावरची टप ऐकू येत नाही. एवढंच कारण आहे, भलतं काही समजू नका.