सहाणेचं धुवण

मी एक सहाण आहे. देवघरातली नव्हे. तिच्यावर चंदन उगाळतात, तिला पूजेत मान असतो. माझ्या अंगावर वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड उगाळलं गेलं. मी बाळगुटीची सहाण. त्याशिवाय आणखी एक वस्तू माझ्यावर उगाळली गेली आणि तिच्याचबद्दल मला बोलायचं आहे. तोंड कडू पडलंय माझं, तेव्हा गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

नरसीच्या जत्रेत एका पाथरवटाच्या गोणपाटावर मी पडून होते. चंद्रभागाच्या बापाने माझ्यावर अंगठा फिरवून पाहिला आणि मला धोतराच्या सोग्यात बांधलं. पहिलं बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर सहाण आणि गुटीची पुरचुंडी द्यायची, अशी त्यांच्याकडे रीत. अशी मी जवळा बाजारजवळच्या एका वाडीत, चंद्रभागाच्या घरी आले.

गुटी द्यावी तर तिनेच. प्रत्येक मुळीचे वळसे ठरलेले. उगाळून झालं की बोटाने सगळं निपटून घ्यायची, बाळाला चाटवायची, मग माझ्यावर थोडं पाणी सोडून माझं अंग धुवायची आणि ते धुवणही बाळाला पाजायची. औषधाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, असं तिच्या आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने.

एवढं करूनही तिची पहिली दोन लेकरं तापाने गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा तिने त्याचं नाव दगडू ठेवलं. गोजिरं नाव ठेवलं की मरणाची नजर पडते, दगडाला कोण नेणार, अशी माणसांची समजूत. मला त्या नावाचा अभिमान वाटायचा. घरात आपल्या जातीचं कुणीतरी आलं, असं वाटायचं.

तिचा नवरा मसाजी पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन बाहेर पडायचा, तो उन्हाळा लागल्यावरच परत यायचा. घरात सासू नाही, नणंद नाही. कापूस फुटला की चंद्रभागाला तातेरावांच्या शेतात वेचणीला जावंच लागे, आणि पाठीवर तान्हं पोर.

तातेरावांनी सोय केली होती. बांधावरच्या बाभळीखाली पारुबाई नावाची म्हातारी बसायची आणि वेचणीच्या बाया आपापली लेकरं तिच्यापुढे ठेवून जायच्या. बाया म्हणायच्या, मालक देवमाणूस आहे. मला हसू यायचं. लेकरू रडलं की बाईला पान्हा फुटतो, चोळी भिजते, मग ती ओटीतला कापूस खाली ठेवून बांधाकडे निघते. तिची पात, म्हणजे वेचणीची ओळ, मागे राहते. हे होऊ नये म्हणून ती सोय होती. रडणं पातीपर्यंत येता कामा नये, अशी मुकादम सोनाजीची ताकीद होती. म्हणून पारुबाईच्या कमरेला अफूची डबी असे आणि ती भरून यायची मालकाच्या घरून.

बायांना हे ठाऊक होतं. काहींना तर बरंच वाटायचं. दिवसभर उन्हात टाहो फोडण्यापेक्षा निजतं तरी बिचारं, म्हणायच्या. रात्रीही लेकरू किरकिर करत नसे, दमलेल्या बाईला तेवढंच सुख. त्यांना मी नावं ठेवत नाही. चंद्रभागाचा जीव मात्र धजत नव्हता.

पहिल्याच दिवशी तिने हात जोडले. “आत्या, माह्या दगडूला अफूची गोळी देऊ नगा. दोन गेलेत माहे.”

“न्हाई देत माय,” पारुबाई म्हणाली. “तू जा.”

दुपारची गुटी चुकू नये म्हणून चंद्रभागाने मला आणि पुरचुंडीला तिच्या हवाली केलं. रोज सकाळी घेऊन यायची, संध्याकाळी घरी न्यायची. पारुबाई आजवर एका खापराच्या तुकड्यावर अफू उगाळत होती. मी हाती आल्यावर तिने ते खापर फेकून दिलं. दुपारी ती आधी दगडूची गुटी उगाळायची, मग बाकीच्यांची अफू. काम झालं की मला पदराने पुसून ठेवायची. पुसल्याने दगड स्वच्छ होत नाही, हे मला कळत होतं. सांगणार कुणाला?

एक दिवस दगडूने रडून हैराण केलं. सोनाजी काठी आपटत आला.

“कोणाचं हाय हे? काहून रडून राहिलं?”

“चंद्रभागाचं. दात येऊन राहिले त्याला.”

“मंग तिला म्हणावं लेकरू घे अन् घरी बस. उद्यापासून यायचं न्हाई. अन् तुह्यानं हे काम होत नसंल तर मी दुसरी म्हातारी पाहतो.”

तो गेल्यावर पारुबाई बराच वेळ दगडूला थोपटत बसली. मग तिने डबी उघडली. मोहरीएवढीच घेतली, हे मी खरं सांगते. दगडू निजला.

संध्याकाळी चंद्रभागा आली तेव्हा तो तिच्या खांद्यावर सैल पडला. “आज लई शांत ऱ्हायला,” ती म्हणाली. पारुबाईने मान हलवली आणि मला तिच्या हातात दिलं.

घरी त्याने अंगावर प्यायला तोंड उघडलं नाही. चंद्रभागा घाबरली. पोट बांधलं असेल, दृष्ट लागली असेल, असं म्हणत तिने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. गुटी एरवी दुपारचीच, पण त्या रात्री तिने मला पुढे ओढलं आणि ती पुन्हा उगाळली. एकेक वळसा जपून. बोटाने चाटवली. मग नेहमीप्रमाणे माझ्यावर पाणी सोडलं, माझं अंग चोळून धुतलं. त्या दिवशी किती लेकरांची अफू माझ्या खरबरीत अंगात मुरली होती! तिने त्याची हनुवटी धरली आणि ते धुवण थेंबाथेंबाने सगळं पाजलं.

उजाडलं तेव्हा दगडू गार पडला होता.

तिसऱ्या दिवशी पारुबाई दारात येऊन बसली.

“आत्या, तुमी गोळी दिली व्हती?”

“दिली माय. मुकादम तुला काढून टाकत व्हता. पण मोहरीएवढी. रोज सगळ्यांना तेवढीच देते मी.” बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली. “तू घरी गुटी दिली व्हय?”

“दिली.”

“अन् सहाणंचं धुवण?”

चंद्रभागाचा हात माझ्यावर आला. पारुबाई हळूच म्हणाली, “ते फेकायचं व्हतं माय.”

चंद्रभागाने मला उचललं, शेतापर्यंत चालत गेली आणि बांधापलीकडे भिरकावून दिलं. अफूची डबी कुणी फेकली नाही. मालकाने पायलीभर ज्वारी धाडली आणि देवाची मर्जी, असा निरोप दिला. आठवड्याने चंद्रभागा पुन्हा पातीत उभी होती. रिकाम्या हाताच्या बाईवर मुकादम खूश असतो.

बारा पावसाळे मी मातीत होते. पारुबाई मेली. यंदा निजामाचं राज्य गेलं म्हणे, पोरं झेंडे घेऊन याच बांधावरून नाचत गेली. कापूस नेहमीसारखाच फुटला. सोनाजीच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, काठी तीच आहे.

आणि परवा चंद्रभागा आली. तिची कूस पुन्हा उजवली नाही, कंबर मात्र वाकली. वेचणी होत नाही म्हणून मालकाने तिला बाभळीखाली बसवलंय. तिने काठीने माती उकरून मला बरोबर शोधून काढलं. मला वाटलं, आता ही मला फोडणार. फोडली असती तर सुटले असते.

तिने मला विहिरीवर नेलं. वाळूने घासलं, पुन्हा पुन्हा धुतलं आणि ते पाणी लांब काट्यांत नेऊन ओतलं. मग बाभळीखाली येऊन मला मांडीवर घेतलं. एक कोवळी पोर आपलं तान्हं तिच्यापुढे ठेवत म्हणाली, “आत्या, माह्याला गोळी देऊ नगा.”

“न्हाई देत माय,” चंद्रभागा म्हणाली. “तू जा.”

ती पोर पातीत गेली आणि चंद्रभागाने कमरेची अफूची डबी उघडली. आता ती रोज मला धुते आणि धुवण फेकते. एवढ्या दुःखातून ती एवढंच शिकली, आणि तिला दोष देताना माझी जीभ अडखळते.

बायांनो, मालकाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लेकराचं रडणं ऐकू आलं तर जीव भांड्यात पडू द्या, ते जिवंत आहे. बांधाकडून काहीच ऐकू आलं नाही, तर ओटीतला कापूस तिथेच सांडा आणि धावत या.

आज सकाळपासून सात लेकरं माझ्याभोवती आहेत. एकही रडत नाही.